पुरलेला अणुकचरा आणि उताराला राहणारा माणूस



औंढा नागनाथ तालुक्यातील दुधाळा शिवारात ‘लायगो-इंडिया’ ही प्रयोगशाळा उभी राहत आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने फेब्रुवारी २०१६ मध्ये तिला तत्त्वतः मान्यता दिली, एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपये मंजूर केले आणि ११ मे २०२३ रोजी पायाभरणी झाली. हे काम ज्या सरकारी खात्याकडे आहे त्याचे नाव ‘अणुऊर्जा विभाग’. हे नाव कानावर पडले की वस्तीतल्या माणसाच्या मनात प्रश्न येणारच. इथे अणुभट्टी बसणार का? अणूचा कचरा आपल्या शिवारात पुरणार का? आपल्या बोअरच्या पाण्यात ते विष उतरेल का?

आधी सरळ उत्तर देऊन टाकू. लायगोमध्ये अणुभट्टी नाही, युरेनियम नाही आणि पुरायला अणुकचराही नाही. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन नळ्या काटकोनात टाकायच्या, आतली हवा काढून घ्यायची आणि त्यांतून लेझरचा प्रकाश सोडायचा. आकाशात फार दूर दोन कृष्णविवरे एकमेकांवर आदळली, तर त्या धक्क्याच्या गुरुत्वीय लहरी त्या प्रकाशावरून ओळखायच्या. एवढेच तिथले काम. तेव्हा औंढ्याच्या आसपासच्या वस्त्यांनी किरणोत्सर्गाच्या, म्हणजे रेडिएशनच्या भीतीने झोप उडवून घेण्याचे कारण नाही.

पण प्रश्न मात्र चांगला आहे. आपल्याच राज्यात असा कचरा पुरलेली जागा आहे आणि ती आपल्या माणसांपासून फार लांब नाही. पालघर जिल्ह्यातील तारापूरला १९६९ पासून अणुवीज केंद्र चालू आहे. मराठवाड्यातून पोटासाठी गेलेली कितीतरी घरे तिथल्या बोईसर-तारापूर औद्योगिक वसाहतीत राबतात. मुंबईत चेंबूर, मानखुर्द, गोवंडीला आपली नातीगोती आहेत आणि भाभा अणु संशोधन केंद्र तिथेच, ट्रॉम्बेला आहे. म्हणून या वेळच्या आरोग्य पानावर एकच गोष्ट सविस्तर पाहू. अणुकचरा जमिनीत पुरला, तर शंभर, पाचशे, दहा हजार वर्षांनी तिथल्या माणसाच्या अंगाला किती रेडिएशन लागेल, हे शास्त्रज्ञ कसे मोजतात? त्या माणसाला ते पाहूही शकत नाहीत, मग आकडा आणतात कुठून?

काय पुरले आहे

अणुकचरा म्हटला की हिरवा चमकणारा द्रव डोळ्यासमोर येतो. ती सिनेमाची करामत आहे. तारापूरला जमिनीत जे ठेवतात त्यात मोठा भाग साध्या वस्तूंचा असतो: कामगारांचे हातमोजे, कपडे, पुसायची फडकी, हवेचे आणि पाण्याचे फिल्टर, गंजलेले पाइप, पाणी शुद्ध करणारे रेझिन. त्यांवर किरणोत्सारी कण चिकटलेले असतात. हा कमी आणि मध्यम तीव्रतेचा कचरा. तो सिमेंट-काँक्रीटच्या खंदकांत आणि विहिरीसारख्या गोल खड्ड्यांत, साधारण चार-पाच मीटर खोलीवर ठेवतात. वरून काँक्रीट ओतून बंद करतात आणि भोवती बोअर घेऊन त्यांतले पाणी वेळोवेळी तपासतात.

जळलेल्या अणुइंधनातून निघणारा अतितीव्र कचरा वेगळा. तो काचेत वितळवून, स्टीलच्या डब्यांत भरून, हवेने थंड होत राहील अशा जाड भिंतींच्या कोठारात ठेवतात. असे कोठार तारापूरला आहे. हा कचरा अजून कायमचा पुरलेला नाही. त्यासाठी शेकडो मीटर खोल दगडात जागा लागते आणि तशी जागा भारताने अजून बांधलेली नाही. कोलारच्या बंद पडलेल्या सोन्याच्या खाणीत, सुमारे एक किलोमीटर खोलीवर, १९८० च्या दशकात हीटर ठेवून एक प्रयोग झाला होता. कचऱ्याच्या उष्णतेने भोवतालचा दगड कसा वागतो ते पाहण्यासाठी. फिनलंडने मात्र ओंकालो नावाचे असे भुयार चारशे मीटरहून खोल, अतिप्राचीन दगडात खोदून तयार केले आहे.

वेळेचा हिशोब

हिशोबाची सुरुवात यादीने होते. कोणते पदार्थ, किती आणि किती काळ टिकणारे. प्रत्येक किरणोत्सारी पदार्थाचे एक अर्धायुष्य असते, म्हणजे त्याचा जोर निम्मा व्हायला लागणारा काळ. कोबाल्ट-६० चे अर्धायुष्य सव्वापाच वर्षे, ट्रिटियमचे १२, स्ट्रॉन्शियम-९० चे सुमारे २९, सीझियम-१३७ चे ३०. प्लुटोनियम-२३९ चे २४ हजार वर्षे. आणि आयोडीन-१२९ चे दीड कोटी वर्षांहून जास्त.

सीझियम घ्या. १९७० साली पुरले. २००० साली निम्मे राहिले, २०३० साली पाव राहील. अशा दहा पायऱ्या, म्हणजे ३०० वर्षे गेली की हजारावा भाग उरतो. म्हणून उथळ खंदकांच्या बाबतीत जगभर ‘३०० वर्षे राखण’ हा हिशोब धरतात. तेवढा काळ कुंपण, पहारा, पाण्याची तपासणी आणि कागदपत्रे टिकली पाहिजेत. प्लुटोनियमसारखे दीर्घायुषी पदार्थ उथळ खंदकात ठेवायला म्हणूनच कडक मर्यादा असते. त्यांना ३०० वर्षे म्हणजे दुपारची डुलकी.

तीनशे वर्षे ऐकायला सोपी वाटतात. पण तेवढेच मागे जा. पुण्यात पहिला बाजीराव पेशवा होता. त्या काळात कोणत्या गावात, कोणत्या विहिरीच्या कडेला काय पुरले होते, हे आज सांगणारा माणूस किंवा कागद शोधून दाखवा.

पाण्याची वाट

पुरलेला पदार्थ माणसापर्यंत पोहोचायचा तर त्याला वाहन लागते. बहुतेक वेळा ते वाहन पाणीच असते. पावसाचे पाणी मुरते, काँक्रीटला कधीतरी तडे जातात, पाणी कचऱ्याला भिजवते आणि काही अंश घेऊन खाली भूजलात उतरते. भूजल उताराकडे सरकते आणि पुढे कुठेतरी विहीर, बोअर, नदी किंवा समुद्र असतो.

उताराचे शास्त्र आपल्याला कुणी शिकवायला नको. आपली जुनी वस्ती गावाच्या कोणत्या बाजूला होती आणि गावाचे सांडपाणी, उकिरडा, मेलेली जनावरे कोणत्या बाजूला टाकत, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. वरच्याने टाकलेले खालच्याच्या घागरीत येते. शास्त्रज्ञ हेच गणितात मांडतात: पाण्याची पातळी कुठे उंच, कुठे खोल, वेग किती.

सगळे पदार्थ पाण्याबरोबर सारख्या वेगाने जात नाहीत. सीझियम चिकणमातीला घट्ट चिकटते. आपल्या काळ्या रानातली माती, जी पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते, ती याला धरून ठेवण्यात पटाईत. म्हणून खंदकाभोवती अशी फुगणारी चिकणमाती मुद्दाम भरतात. पाणी वर्षाला दहा मीटर सरकले तरी सीझियम त्याच्या शेकडो पट मागे रेंगाळते आणि वाटेतच म्हातारे होऊन संपते. उलट ट्रिटियम पाण्यातच मिसळून पाण्याच्याच वेगाने जाते. आयोडीनलाही माती फारशी अडवत नाही. म्हणून लांबच्या काळाच्या हिशोबात प्लुटोनियमपेक्षा आयोडीन-१२९ चे नाव बऱ्याचदा आधी येते. ऐकायला नवल वाटेल, पण धोका जास्त कोणाचा हे नुसत्या विषारीपणावर ठरत नाही, कोण चालत आपल्या दारापर्यंत येतो यावरही ठरते.

आता अडचण बघा. तारापूरही आपल्यासारखेच काळ्या बेसाल्ट दगडावर वसलेले आहे. हा दगड अंगाने घट्ट, पण त्यात फटी आणि सांधे असतात. हिंगोली, सेनगाव, कळमनुरीकडे बोअर मारणाऱ्याला विचारा. एका बांधावर दोनशे फुटांवर पाणी लागते आणि पन्नास पावलांवर तीनशे फूट जाऊनही फुफाटाच निघतो. पाणी फटीफटीने धावते. गणितात मात्र पुष्कळदा जमीन एकसारखी धरतात, कारण प्रत्येक फट मोजणे शक्य नसते. म्हणून कोणताही अहवाल वाचताना एक प्रश्न विचारण्यासारखा असतो: जमिनीत किती बोअर घेऊन मोजले आणि किती नुसते गृहीत धरले? शास्त्रज्ञही हे जाणतात. ते एकच आकडा घालून थांबत नाहीत. पाऊस जास्त, फट रुंद, काँक्रीट लवकर फुटले, असे आकडे बदलून तोच हिशोब हजारो वेळा फिरवतात आणि उत्तर किती हलते ते पाहतात. भूकंपाचाही विचार करावा लागतो. मार्च आणि जुलै २०२४ मध्ये आपल्या जिल्ह्यात जमीन हलली, ती कित्येकांना आठवत असेल.

एवढ्या लांबच्या काळाचा हिशोब खरा की खोटा, हे तपासायला निसर्गाने एक नमुना ठेवला आहे. आफ्रिकेत गॅबॉन देशात ओक्लो नावाच्या ठिकाणी सुमारे दोनशे कोटी वर्षांपूर्वी जमिनीतल्या युरेनियमच्या थरात आपोआप अणुभट्टी पेटली होती. १९७२ साली फ्रेंच शास्त्रज्ञांच्या ते ध्यानात आले. तिथे तयार झालेले प्लुटोनियम जागेवरून फारसे हललेच नव्हते. काही हलके पदार्थ मात्र निघून गेले होते. गणित जे सांगते त्याच्याशी हे बरेच जुळते.

कोणत्या माणसाचा डोस?

आता मुद्द्याचा भाग. पाण्यात अमुक इतके आले, हे कळले. पण डोस पाण्याला नसतो, माणसाला असतो. मग माणूस कोणता धरायचा? पूर्ण जिल्ह्याची सरासरी काढली, तर विहिरीला लागून राहणाऱ्या दहा घरांचा डोस लाखो लोकांत वाटला जातो आणि दिसेनासा होतो. आपल्याला सरासरीचा हा खेळ नवा नाही. तालुक्याचे सरासरी उत्पन्न वाढते आणि वस्तीतली चूल तशीच राहते.

किरणोत्सर्गाच्या शास्त्रात यावर एक न्याय्य नियम आहे. आंतरराष्ट्रीय किरणोत्सर्ग संरक्षण आयोग सांगतो की सरासरी माणसाचा विचार करू नका. ज्यांना जास्तीत जास्त डोस लागण्याची शक्यता आहे, अशा गटाचा प्रतिनिधी धरा. तो कुठले पाणी पितो, काय खातो, कुठे झोपतो, किती वेळ मातीत काम करतो, हे बघा आणि त्याचा डोस मर्यादेत आहे का ते तपासा. तारापूरला घिवलीसारखी कोळ्यांची गावे केंद्राला लागून आहेत. ती माणसे तिथलेच मासे रोज खातात. म्हणून तिथे माशांची वाट महत्त्वाची ठरते. आपल्याकडे असता, तर हिशोब बोअरचे पाणी, ज्वारी, शेळीचे दूध आणि कयाधूच्या वाळूपर्यंत गेला असता.

नियम चांगला असला तरी त्यात माणसाच्या सवयी कोणी भरायच्या, यावर सगळे ठरते. अमेरिकेत नेवाडा राज्यात युक्का पर्वताखाली अणुकचरा पुरण्याची योजना होती. ती पूर्ण झाली नाही, पण तिचे नियम छापलेले आहेत. पर्वताच्या उताराला अमारगोसा खोरे आहे. तिथला माणूस रोज दोन लिटर भूजल पितो असे धरून त्याचा डोस पहिल्या दहा हजार वर्षांत वर्षाला ०.१५ मिलिसिव्हर्टच्या आत राहिला पाहिजे, आणि पुढे दहा लाख वर्षांपर्यंत १ मिलिसिव्हर्टच्या आत.

दोन लिटर! मे महिन्यात हळदीच्या रानात किंवा वीटभट्टीवर दिवसभर राबणारी आपली बाई दोन लिटर पाण्यावर राहते का? पाच लिटर तरी जातेच.

हा फरक आकड्यांत करून बघू. एका सेकंदाला एक अणू फुटला तर त्याला एक बेकरेल म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार पिण्याच्या पाण्यात सीझियम-१३७ लिटरमागे १० बेकरेलच्या आत असावे. रोज दोन लिटर म्हणजे वर्षाला ७३० लिटर, म्हणजे ७,३०० बेकरेल पोटात. मोठ्या माणसाच्या शरीरात सीझियमचा एक बेकरेल गेल्याने जो डोस होतो त्याचा ठरलेला गुणक आहे. त्याने गुणले की उत्तर येते सुमारे ०.१ मिलिसिव्हर्ट. हीच संघटनेने पाण्यासाठी धरलेली वार्षिक मर्यादा. आता तेच पाणी रोज पाच लिटर प्या. वर्षाला १,८२५ लिटर, १८,२५० बेकरेल आणि डोस सुमारे ०.२४ मिलिसिव्हर्ट. पाणी तेच आणि विहीर तीच. फक्त उन्हात राबणाऱ्याचा डोस सावलीत बसणाऱ्याच्या अडीच पट.

आणखी एक दाखला नेवाडाचाच आहे. १९५१ ते १९६२ या काळात तिथे उघड्यावर अणुचाचण्या झाल्या आणि किरणोत्सारी धूळ दूरवर पसरली. लोकांना किती डोस लागला हे सरकारने मोजले, तेव्हा गाई पाळणाऱ्या, दूध पिणाऱ्या घरांच्या सवयी धरल्या. तिथले मूळ रहिवासी शोशोन लोक मात्र सशासारखी शिकार खात आणि बाहेर उघड्यावर जास्त राहत. नंतरच्या अभ्यासकांनी दाखवले की त्यांचा डोस या हिशोबात नीट धरलाच गेला नव्हता. कोणी खोटे बोलले नाही. फक्त त्यांना कोणी विचारले नाही, की तुम्ही काय खाता.

पोटात गेलेला पदार्थ शरीरात कुठे जातो, हेही हिशोबात येते. स्ट्रॉन्शियमला शरीर कॅल्शियम समजते आणि हाडांत नेऊन ठेवते. आयोडीन गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीत जाते. सीझियम मांसपेशींत पसरते, पण काही महिन्यांत लघवीवाटे निम्मे बाहेर पडते. तान्ह्या बाळाची ग्रंथी लहान आणि हाडे वाढती, म्हणून बाळाचा गुणक वेगळा. चांगल्या अहवालात बाळ, शाळकरी मूल आणि मोठा माणूस असे तीन हिशोब वेगवेगळे दिलेले असतात.

मिलिसिव्हर्ट म्हणजे नेमके किती

मिलिसिव्हर्ट हे अंगाला लागलेल्या रेडिएशनचे माप. जमीन, आकाश, घरातली हवा आणि अन्न यांतून माणसाला निसर्गतः वर्षाला जगाच्या सरासरीने २.४ मिलिसिव्हर्ट मिळतातच. छातीच्या एका एक्स-रेचा डोस ०.१ पेक्षाही कमी. डोक्याच्या सीटी स्कॅनचा सुमारे २, पोटाच्या सीटी स्कॅनचा ८ ते १०. अणुकेंद्रांमुळे सामान्य जनतेला वर्षाला १ पेक्षा जास्त डोस मिळू नये, अशी अणुऊर्जा नियामक मंडळाची मर्यादा आहे. मंडळाच्या वार्षिक अहवालांत प्रत्येक केंद्राभोवतीचे आकडे छापतात आणि तारापूरचे आकडे या मर्यादेच्या पुष्कळ खाली असतात. पुरलेल्या कचऱ्यासाठी आंतरराष्ट्रीय आयोगाची मर्यादा ०.३, आणि फिनलंडने आपल्या भुयारासाठी ०.१ ठरवली आहे.

याचा आजाराशी संबंध असा लावतात. एक लाख माणसांना प्रत्येकी १ मिलिसिव्हर्ट मिळाला, तर त्यांच्या पूर्ण आयुष्यात साधारण पाच जादा कॅन्सर होतील. त्याच एक लाखात एरवी होणारे कॅन्सर हजारोंच्या घरात असतात, त्यामुळे हे पाच वेगळे ओळखता येत नाहीत. केरळात कोल्लम जिल्ह्यातल्या करुनागपल्लीच्या किनाऱ्यावर थोरियमची वाळू आहे. तिथले निसर्गतः रेडिएशन काही ठिकाणी नेहमीच्या अनेक पट आहे. तिथल्या सुमारे ७० हजार लोकांवर सरासरी दहा वर्षे लक्ष ठेवून २००९ साली जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात कॅन्सर वाढलेला आढळला नाही. यावरून ‘थोडे रेडिएशन बाधतच नाही’ असे काहीजण म्हणतात. एवढा मोठा निष्कर्ष काढणे मला घाईचे वाटते. पण तारापूरच्या खंदकाच्या नावाने रोज छातीत धडधड व्हावी, असेही आकडे नाहीत. हिंगोलीचा बेसाल्ट दगड तर युरेनियम-थोरियमच्या बाबतीत गरीबच आहे. आपल्या घरात रेडिएशनचा मोठा डोस येतो तो गरज नसताना काढलेल्या सीटी स्कॅनमधून. डॉक्टरांनी लिहिला तर ‘सोनोग्राफीने भागेल का, मागच्या महिन्याचा स्कॅन चालेल का’ एवढे विचारावे. गरजेचा स्कॅन मात्र टाळू नये. आणि पाण्याची भीती वाटत असेल, तर आपल्या बोअरच्या पाण्याचे जंतू आणि नायट्रेट आधी तपासून घ्यावे. आपली लेकरे आजारी पडतात ती त्याने.

तथागतांनी कालामांना सांगितले होते की परंपरेने चालत आले म्हणून, किंवा सांगणारा मोठा आहे म्हणून काही स्वीकारू नका. सरकारी अहवालाला हे लागू आहे आणि मोबाइलवर फिरणाऱ्या घबराटीच्या निरोपालाही. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, तेव्हापासून पाणी हा आपल्या हक्काचा विषय आहे. कोणत्याही कारखान्याची जनसुनावणी आपल्या भागात लागली, तर तिथे मराठीत विचारता येईल: भूजल कोणत्या दिशेला वाहते? उताराला पहिले घर कोणाचे? हिशोबातला माणूस रोज किती पाणी पितो असे धरले? ही माहिती आमच्या घरी येऊन घेतली, की पुस्तकातून?

खोदणारा माणूस

एक वाट अजून राहिली. पाण्याची वाट लांब आहे, कुदळीची जवळची. पहारा संपल्यावर कोणी अजाण माणसाने त्याच जागेवर घराचा पाया खोदला, बोअर मारली, भंगार शोधले तर? हा प्रसंगही हिशोबात धरतात, आणि उथळ खंदकांच्या बाबतीत बऱ्याचदा सर्वांत मोठा डोस इथेच निघतो.

यावर उपाय म्हणून पाटी लावावी म्हटले तर ती वाचणार कोण? आपल्याला हे चांगले कळेल. सम्राट अशोकाने धम्माचे लेख दगडावर कोरले, ते दीर्घकाळ टिकावेत म्हणूनच. दगड टिकला, पण वाचणारे संपले. हजाराहून जास्त वर्षे ती लिपी कोणाला लागत नव्हती. १८३७ च्या सुमारास जेम्स प्रिन्सेपने ती उलगडली. अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा एक तुकडा १८८२ साली भगवानलाल इंद्रजी यांना सोपाऱ्याला सापडला. ते सोपारा आज पालघर जिल्ह्यात आहे, ज्या जिल्ह्यात तारापूर आहे. अवघ्या दोन हजार वर्षांत ही गत, तर दहा हजार वर्षांनी लागणारी सूचना कोणत्या भाषेत लिहायची? अमेरिकेत न्यू मेक्सिकोच्या मिठाच्या थरात पुरलेल्या कचऱ्यासाठी यावर शास्त्रज्ञ, भाषातज्ज्ञ आणि चित्रकारांच्या समित्या बसल्या. २००७ साली एक नवे चिन्ह ठरले: लाल त्रिकोणात वर किरणे फेकणारी तीन पाती, खाली कवटी आणि पळणारा माणूस. अक्षर एकही नाही.

पण खोदणाऱ्याची वाट पाहायला दहा हजार वर्षे लागत नाहीत. १९८७ साली ब्राझीलमध्ये गोयानिया शहरात एका सोडून दिलेल्या दवाखान्यातून दोघांनी कॅन्सरवर उपचाराचे यंत्र उचलून नेले आणि भंगारवाल्याला विकले. आत निळा चमकणारा चुरा होता, सीझियम-१३७ चा. लोकांनी तो कौतुकाने घरोघर नेला, लेकरांनी अंगाला चोळला. चार जण मेले, त्यांत सहा वर्षांची एक मुलगी. २४९ जणांच्या अंगावर किंवा शरीरात तो आढळला. एक लाखाहून जास्त लोक तपासावे लागले. पाडलेली घरे आणि खरवडलेली माती शहराबाहेर काँक्रीटच्या टेकडीत पुरली आहे. तिचा हिशोबही ३०० वर्षांचाच. आणि २०१० साली दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात एका विद्यापीठाने लिलावात काढलेले जुने यंत्र मजुरांनी फोडले. त्यात कोबाल्ट-६० होते. एक मजूर दगावला, बाकीच्यांचे हात भाजले, केस गळाले.

आपल्या वस्त्यांत भंगाराचा धंदा करणारी, कचरा वेचणारी घरे आहेत. त्यांनी एवढे लक्षात ठेवावे. आकाराने लहान पण उचलताना फार जड लागणारे शिसे किंवा स्टीलचे भांडे, दवाखान्यातल्या किंवा कारखान्यातल्या यंत्राचा सीलबंद गोळा, त्यावर पिवळ्या रंगात तीन पात्यांचे चिन्ह, अशी वस्तू आली तर तोडू नये, वितळवू नये, घरात ठेवू नये, खिशात तर मुळीच घालू नये. लेकरांना लांब न्यावे, स्वतः पंचवीस-तीस पावले मागे सरावे आणि ११२ ला फोन करावा. हात लागला असेल तर साबणाने धुवावा, कपडे बदलून पिशवीत बांधून वेगळे ठेवावेत. नंतर उलट्या सुरू झाल्या, हाताची कातडी न भाजता लाल झाली, तर जिल्हा रुग्णालयात जाऊन ‘आजार सांगतो’ असे न म्हणता आधी ती वस्तू कशी होती ते सांगावे. डॉक्टरला लक्षणांवरून ते ओळखता येणे अवघड असते.